आरओ घेऊ नका, आधी फिल्टर धुणं थांबवा : सोलापूरचं पाणी आणि आफ्रिकन सिक्लिड

भाऊ, आरओ मशीनसाठी काढलेले पैसे आधी खिशात परत ठेवा. तुमचं सगळं दोनदा वाचलं आणि माझं मत विचाराल तर तुमच्या बोअरनं एकही मासा मारलेला नाही. तुम्ही सांगितलंय ते असं, की विजापूर रोडला घर, टँक ३ फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, त्यात दुकानदारानं दिलेले १४ मिक्स आफ्रिकन सिक्लिड (आफ्रिकेतल्या तळ्यांचे रंगीत मासे), २ गोल्डफिश, १ सकर. दोन महिन्यांत ६ आफ्रिकन गेले. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ९००, म्हणून पाणी जड पडतंय असं कुणीतरी सांगितलं. आणि एक पिवळी आठ दिवस झाले खात नाही म्हणून तुम्ही निळं औषध टाकलंय. पण खरी मेख तुम्ही जाता जाता लिहून गेलाय, नळाला पाणी आलं की त्या दिवशी टँक एकदम चकाचक करता, आणि मासे जातात ते बरोबर त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

हे आपल्या गावाचं खास दुखणं आहे बघा. चार-पाच दिवसाआड पाणी, ते पण कधी रात्री अडीचला, मग धुणं, भरणं, हौद, बॅरल, घागरी सगळं त्याच दोन तासात आणि त्याच दमात टँकचा पण नंबर लागतो. सगळं पाणी काढायचं, खडी तांदळासारखी तीन पाण्यानं धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा. मी पण पहिली दोन वर्षं हेच केलंय, आणि दर वेळी मासा मेला की दुकानदाराला शिव्या दिल्यात, त्या बिचाऱ्याचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या स्पंजवर तपकिरी, बोटाला गिळगिळीत लागणारा थर असतो ना, तो तुम्हाला घाण वाटतो, पण टँकमधला सगळ्यात कामाचा माणूस तोच आहे. माशाची लघवी-शेण, उरलेला खाऊ यातून अमोनिया होतो, त्या थरातले जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण थोडं थोडं पाणी बदलून काढतो. ही वस्ती नव्या टँकमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती दर चार-पाच दिवसांनी क्लोरीनच्या पाण्यानं धुऊन काढताय, म्हणजे तुमचा टँक दोन महिन्यांचा नाही, तो कायम चार दिवसांचाच आहे! वरून निळं औषध टाकलंत, त्यानं उरलेसुरले जीवाणू पण गेले असतील.

आता बोअरचं. टीडीएस ९०० ऐकून घाबरायला होतं, पण टीडीएस मासा मारत नाही. हे आफ्रिकन मूळचे मलावी तळ्याचे, आणि त्या तळ्याचं पाणी अल्कधर्मी असतं, पीएच साधारण ७.७ ते ८.६, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी पण बहुतेक ठिकाणी त्याच बाजूला झुकलेलं असतं. दक्षिण अमेरिकेचे डिस्कस पाळणारा माणूस आपल्या पाण्याला रडत बसतो, आफ्रिकनवाल्याला तेच पाणी आयतं मिळतं. एक गोष्ट मात्र खरी सांगतो, कारण आफ्रिकनला जेवढं जड तेवढं चांगलं असं सगळे छातीठोक सांगतात ते बरोबर नाही. मलावीचा टीडीएस दोनशेच्या आसपासच असतो, टांगानिका तळ्याचा त्याच्यापेक्षा बराच जास्त आणि पीएच पण ९ च्या जवळ. म्हणजे तुमचं ९०० तळ्यापेक्षा जडच झालं. पण आपल्याला मिळणारे मासे तळ्यातले नसतातच, पिढ्यान् पिढ्या इथेच टाक्यांमध्ये वाढलेले असतात, ते सोसतात. तरी मी अर्धं बोअर, अर्धं नळाचं असं मिसळतो, कारण नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच मऊ आहे आणि फुकट मऊ पाणी मिळत असताना सोडायचं कशाला.

आणि उजनीत चिलापी बघितलीय की नाही? भिगवणला ताटात तळून येते तीच. ती पण आफ्रिकेचीच, सिक्लिडच्याच घराण्यातली, १९५२ साली भारतात आणली आणि आता हटवायची म्हटली तरी हटत नाही. नळाला येतं ते त्याच धरणाचं पाणी.

मग मासे मरतात कशानं, तर अमोनियानं, आणि इथेच आपलं पाणी उलटतं. पाण्यात अमोनिया दोन रूपात असतो, एक फारसा त्रास न देणारा आणि एक कल्ले जाळणारा. पीएच ७ असेल तर विषारी हिस्सा जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या पुढे, साडेआठला पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि हे सगळं २५ डिग्रीला, उन्हाळ्यात अजून वाढतं. म्हणजे स्पंज धुवायची जी चूक मऊ पाण्याच्या टँकमध्ये खपून जाते तीच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी मासा उलटा करते. पाणी चांगलंच आहे, ते चुकीला माफ करत नाही एवढंच.

आरओ का नको तेही ऐका. आरओच्या पाण्यात कार्बोनेट जवळजवळ राहतच नाही, त्यामुळे पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, आज साडेसात, पंधरा दिवसांनी साडेसहा. त्या जीवाणूंना पण कामासाठी कार्बोनेट लागतं, ते संपलं की काम बंद. मग तुम्ही खायचा सोडा, मिठाच्या पुड्या असलं काय काय टाकत बसणार, म्हणजे पैसे देऊन काढलं तेच पैसे देऊन परत घालायचं. आणि बादलीभर आरओसाठी दोन-तीन बादल्या पाणी मोरीत जातं, चार दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे केलंत तर घरचे टँकसकट तुम्हाला बाहेर काढतील.

आज काय करायचं, तर पहिलं औषध बंद. तीन दिवस खाऊ बंद, काही होत नाही त्यांना. दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं बॅरल असेल तर त्यात नळाचं आणि बोअरचं पाणी भरा, झाकण उघडं ठेवा आणि एअर पंपाची नळी सोडून २४ तास बुडबुडे चालू द्या, नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडतो आणि बोअरच्या पाण्यात हवा मिसळते. घाई असेल तर अँटीक्लोरीन, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. त्यातलं पाणी घेऊन पुढचे दहा दिवस एक दिवसाआड टँकचं पाव पाणी बदला, पाव म्हणजे पावच. तुमच्या टँकचा हिशोब ६.७५ घनफूट, म्हणजे १९० लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून दीडशेच्या आसपास, तर साधारण अडीच बादल्या काढायच्या आणि तेवढ्याच घालायच्या. नंतर आठवड्याला एकदा. आणि स्पंज महिना-दीड महिन्यातून एकदा, तो पण टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलका दाबून परत जागेवर, नळ उघडायचाच नाही. अमोनियाचं थेंबवालं टेस्ट किट मागवा, टीडीएस मीटर द्या कुणाला तरी.

नळाला पाणी आलं की टँकला हातच लावायचा नाही, बॅरल भरायचं आणि झोपायचं.

आता मासे. गोल्डफिश काढा, त्यांना थंड पाणी लागतं, सावकाश पोहतात, आफ्रिकन त्यांच्या शेपट्या कुरतडून ठेवतात. पण काढून संभाजी तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात सोडू नका हां, कुणालातरी पाळायला द्या. सकरचं पण तेच, दुकानात बोटाएवढा असतो, फूटभर होतो, आणि लोकांनी सोडून सोडून देशातल्या बऱ्याच नद्यांत तो आता घुसलाय. उरलेल्या आठात नेमके कोण आहेत ते बघा. मिक्स आफ्रिकन नावाखाली बहुतेक ऑराटस आणि केनी गळ्यात मारतात, दिसायला झकास आणि स्वभावानं गुंड. मी एकदा ६ निळे केनी आणले होते, उभ्या काळ्या पट्ट्यांचे, सगळे सारखे, चार महिन्यांनी त्यातला एक हळूहळू पिवळा पडायला लागला, मला वाटलं आजारी पडला, रोज बघायचो. आजारी कसला, केनीचा नर वयात आला की पिवळा होतो, मादी निळीच राहते. पूर्ण पिवळा झाल्यावर त्यानं पाच आठवड्यांत दोघांना मारलं, उरलेले तीन हीटरच्या मागे उभे राहायचे, खायला पण बाहेर यायचे नाहीत. तीन फुटीत ऑराटस-केनी ठेवूच नका. इलेक्ट्रिक यलो एकाच जातीचे आठ-दहा ठेवा, नर एक-दोन आणि माद्या जास्त, त्यातल्या त्यात शांत मासा आहे. थोडी गर्दी असली तर मारामारी एकाच्याच अंगावर येत नाही हे खरं, पण ती गर्दी फिल्टर तयार झाल्यावर.

लपायला जागा भरपूर द्या. या माशांना म्बुना म्हणतात, तिकडच्या टोंगा भाषेत अर्थ खडकातले मासे. आणि यासाठी आपल्याकडे बाजारातल्या महागड्या दगडांची गरजच नाही, शहाबादी फरशी आहे की. जुन्या घरातली फरशी काढून टाइल्स बसवतात तेव्हा बाहेर ढीग पडलेला असतो, त्यातले तुकडे आणा. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, लिंबू पिळलं की बारीक फेस येतो, तेच पाण्याचा पीएच धरून ठेवतं. सिमेंट लागलेलं, ऑइल सांडलेलं, ॲसिडनं धुतलेलं नको, बाकी घासून, दोन दिवस भिजवून वापरा. एकावर एक आडवे रचून खोबणी करायच्या. पण फरशी आधी काचेवर बसवा, खाली थर्माकोलचा पातळ तुकडा, आणि खडी नंतर घाला. कारण हे मासे तोंडानं खडी उपसतात, खडीवर रचलेला ढिगारा एक दिवस खाली येतो आणि काच जाते. माझी गेली आहे, रात्री एक वाजता हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी, शेजारचे काका बोअर फुटली का विचारायला आले होते.

खाऊच्या बाबतीत एकच, ताकदीचा खाऊ म्हणून चिकन, हार्ट, किडे देऊ नका. बहुतेक म्बुना तिकडे खडकावरचं शेवाळ खरवडून खातात, आतडं लांब असतं, मांसानं पोट फुगतं आणि मग वाचवणं अवघड. स्पिरुलिनाचे (शेवाळाचे) दाणे, अधूनमधून उकडलेला मटार सोलून, पालकाचं पान. दिवसातून दोनदा, मिनिटभरात संपेल एवढंच.

उन्हाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ असताना टँक ३२-३३ ला जातो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमध्ये ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास, ३२ ला ७.३. त्यात लाइट गेली की संपलं, म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, टीव्ही नाही घेतला तरी चालेल. झाकण काढून जाळी टाका, टेबल फॅन पाण्यावर तिरका लावा, दोन-तीन डिग्री आरामात उतरतं. पाणी उडतं पण त्यातले क्षार खालीच राहतात, म्हणून तेवढी भर घालायला मात्र मऊ पाणीच घ्या, बोअरचं नको (घरात प्यायचा आरओ असेल तर त्याची एक बादली इथे कामाची, मी एवढा पण आरओच्या विरोधात नाही). आणि त्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नका, एअर पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो.

आता ती पिवळी. तुम्ही लिहिलंय की खात नाही, कोपऱ्यात राहते, पण रंग फिका नाही आणि तोंड सारखं हलवते. भाऊ, तिला बाजूनं नीट बघा. हनुवटीखाली पिशवीसारखं फुगलंय का? मधूनच चघळल्यासारखं करते का? तसं असेल तर ती आजारी नाही, तिच्या तोंडात अंडी आहेत. मादी अंडी घालून लगेच तोंडात घेते, नराच्या खालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात, त्यांच्याकडे तोंड नेते आणि तिथेच अंडी फळतात. मग तीन-साडेतीन आठवडे ती जवळजवळ काही खात नाही. चघळते म्हणजे आतली अंडी फिरवत असते. माझ्या पहिल्या मादीला मी पण औषध दिलं होतं, तिनं सगळी अंडी टाकून दिली, सकाळी खडीवर मोहरीएवढे नारिंगी दाणे दिसले तेव्हा कळलं. पण हनुवटी नाही, पोट फुगलेलं असेल आणि पांढरी दोऱ्यासारखी शी लोंबत असेल तर मात्र ते आजारपण, लगेच फोटो टाका.

अंडी असतील तर आत्ता पकडू नका, दचकून टाकेल. दोन-अडीच आठवडे झाले की रात्री लाइट बंद करून जाळीनं हळूच काढून छोट्या टँकमध्ये ठेवा, पिल्लं सुटली की दोन दिवसांनी तिला परत आणायची आणि पिल्लांना स्पिरुलिना बोटानं चुरून. पंधरा-वीस निघतात साधारण. त्या छोट्या टँकचा स्पंज मात्र आजच आणून मोठ्या टँकमध्ये कोपऱ्यात चालू करून ठेवा, तोवर थोडाफार जुना होईल, आणि कृपा करून तो धुऊ नका.