वार म्हणजे आठवडा, वार म्हणजे नाळेची वार: पहिलटकरणींचे प्रश्न

प्रश्न : तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदरपणी मिळणारं नोंदीचं कार्ड) माझे १४ आठवडे लिहिलेत. सासूबाई म्हणतात, चौथा लागला. मी दिवस कधी राहिले ते धरून मोजलं तर १२ च भरतात. कोणाचं खरं? शिवाय सिस्टर ‘एष्टु वार?’ विचारतात तेव्हा सासूबाई घाबरतात, वारेला काही झालं की काय म्हणून. (खानापूर तालुका)

उत्तर : आधी ‘वार’ मिटवू. कन्नडात वार म्हणजे आठवडा. सिस्टर ‘किती आठवडे?’ एवढंच विचारतात. आपल्या मराठीतली वार, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारी, तिच्याशी त्याचा काही संबंध नाही. कार्डावर ‘हेरिगे दिनांक’ दिसला तर ती बाळंतपणाची तारीख, आणि ‘तूक’ म्हणजे वजन.

आता हिशेब. तिघींचंही खरं आहे, फक्त सुरुवात आणि माप वेगळं. दवाखाना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, कारण तो दिवस बाईला आठवतो. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणून तुमचे १२ आणि कार्डाचे १४. सासूबाई महिन्यांत मोजतात. १४ आठवडे म्हणजे तीन महिने भरून वर आठवडाभर, तेव्हा चौथा लागलाच. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ही दवाखान्याच्या हिशेबापासून फार लांब नाहीत. तिथे शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात, म्हणजे २८० दिवस. पाळी २८ दिवसांनी नेमाने येणारीला हे चपखल बसतं. पाळी मागेपुढे होत असेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी धरावी.

उदाहरण घ्या. पाळी १२ जानेवारी २०२६ ला, सोमवारी आली असेल तर तारीख १९ ऑक्टोबर २०२६. दर सोमवारी एक आठवडा भरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सोमवारच्या चौकटीत आकडा लिहीत गेलात की विचारणाऱ्याला लगेच सांगता येतं. हे कागदी काम कंटाळवाणं वाटेल, पण काही तपासण्यांचा काळ आठवड्यांनीच ठरतो आणि चुकला तर परत येत नाही. बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस, म्हणजे या उदाहरणात ३० मार्च ते १९ एप्रिल. अवयव नीट बघण्याची १८ ते २० आठवड्यांत, म्हणजे १८ मे ते १ जून. साखरेची तपासणी नाव नोंदवताना एकदा होते आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. त्याला उपाशी पोट लागत नाही. १४० किंवा वर आली तर गरोदरपणातली साखर. प्यायल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती तपासणी धरू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

प्रश्न : ३२ व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ३० आठवडे आले आणि तारीख पंधरा दिवस पुढे गेली. कार्डावर खोडून बदलू का? (निपाणी)

उत्तर : नको. मशीन बाळाचं डोकं, पोट, मांडीचं हाड मोजतं आणि त्या मापाचं बाळ सरासरी किती आठवड्यांचं असतं ते छापतं. शेवटच्या तीन महिन्यांत हा अंदाज तीन आठवड्यांपर्यंत चुकू शकतो. पहिली ठरलेली तारीखच कायम. मात्र ‘दोन आठवडे मागे’ याचा अर्थ बाळ बारीक आहे असाही निघू शकतो, तेव्हा दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा आणि ‘वाढ नीट आहे का?’ हा प्रश्न विचारा.

प्रश्न : २२ आठवडे, हिमोग्लोबिन ९.४. लाल गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून आठवडाभर बंद केली. नाचणीची आंबील आणि गूळ-शेंगदाणे रोज खाते. पुरेल का? (बेळगाव शहराजवळचं गाव)

उत्तर : पुरणार नाही. आंबील, गूळ-शेंगदाणे चालू ठेवा, पण ९.४ वरून ११ वर जायला लागणारं लोह तेवढ्यात मिळत नाही. काळा रंग न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. एरवी रोज एक, १८० दिवस. ११ च्या खाली असेल तर रोज दोन. सकाळी-रात्री अशा वाटून घ्या, म्हणजे मळमळ कमी होईल. तरीही त्रास झाला तर जेवणानंतर घ्या. शोषण थोडं घटेल, पण घेतलेली गोळी न घेतलेलीपेक्षा बरी. बहुतेक घरांत गोळी वाया जाते ती चहामुळे. सकाळी उठल्यावर चहा आणि त्याच घोटाबरोबर गोळी! चहा-कॉफी गोळीच्या आधी-नंतर तासभर लांब ठेवा, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा जेवणाबरोबर असते. तिच्यात आणि लोहाच्या गोळीत दोन तास जाऊ द्या. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं (कर्नाटकातली गरोदर बायांसाठीची) जेवण घेत असाल तर तिथल्या दुधाबरोबर लाल गोळी नको. दुसऱ्या तिमाहीत जंताची ४०० मिलिग्रॅमची गोळी एकदा दिली जाते, ती राहिली असेल तर मागून घ्या. जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही.

महिन्याने पुन्हा रक्त तपासा. एक ग्रॅमही वाढ नसेल तर गोळ्या पोटात जात नाहीत किंवा कारण वेगळं आहे. त्यावेळी शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ३६ व्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आत्ता बोललेलं बरं.

प्रश्न : माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. सातव्यात ओटी भरून नेणार आहेत. तायी कार्ड कर्नाटकचं, तिकडे चालेल का? (बेळगाव)

उत्तर : कार्ड घेऊनच जा, तिकडचं नवीन कार्ड केलं तरी जुनं टाकू नका. रक्तगट, इंजेक्शनं, पहिली सोनोग्राफी सगळं त्यावर आहे. माहेरी पोचल्यापासून आठवड्याच्या आत तिथल्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नाव लावा. दोन्हीकडे नाव आहे आणि तपासणी कुठेच नाही, असं सीमाभागात सहज होतं.

सातव्यात जायला हरकत नाही. ३६ आठवड्यांनंतर मात्र एसटीचा प्रवास टाळाच, त्यातून जुलै-ऑगस्टचा पाऊस असेल तर आणखी आधी निघा. जाण्यापूर्वी एक गोष्ट ठरवा : सिझेरियन आणि रक्त रात्री दोन वाजता कुठे मिळेल? चंदगडची माणसं मोठ्या दवाखान्यासाठी एरवीही बेळगावच गाठतात. तुमचा रक्तदाब १४०/९० च्या वर असेल, वार खाली असेल (ही आपली मराठी वार) किंवा बाळ आडवं असेल, तर नवव्या महिन्यात बेळगावला राहणंच शहाणपणाचं, आईंना इकडे बोलवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याचं अँटी-डीचं इंजेक्शन कोण देणार हे आधी विचारा. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा लागतं.

१०८ दोन्ही राज्यांत आहे. हद्दीजवळ पलीकडचा टॉवर लागला तर फोन दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, म्हणून गाव, तालुका, जिल्हा, राज्य या क्रमाने सांगा. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, यांतलं काही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मेल तिथेच होते, २१ दिवसांत. बाळाचं नाव नंतर घालता येतं. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग मात्र आधारप्रमाणेच लिहून घ्या. कन्नडातून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना आडनावं कशी बदलतात ते सीमाभागात वेगळं सांगायला नको.

प्रश्न : १९ आठवडे झाले, बाळ फिरत नाही. जावेला सोळाव्यातच कळलं होतं. (नंदगड)

उत्तर : जावेचं दुसरं असेल. पहिलटकरणीला १८ ते २२ च्या दरम्यान कळतं, आणि तेही आधी पोटात गॅस फिरल्यासारखं वाटतं. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. २४ आठवडे भरेपर्यंत काहीच कळलं नाही तर दाखवा. २८ नंतर मात्र रोज एका ठरावीक वेळी, जेवून डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत १० हालचाली भरायला हव्यात. बहुतेकदा अर्ध्या तासातच भरतात. नाही भरल्या, किंवा नेहमीपेक्षा एकदम मंदावल्या, तर गोड खाऊन वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.