कुवेतला निघण्याआधी

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

व्हिसा आला हे तुझ्या वडिलांकडून कळलं. पगार, ओव्हरटाइम, खोलीत किती जण, सगळं विचारून झालं तुझं. सुट्टीवर घरी कसं यायचं, हे मात्र विचारलं नाहीस. तेवढ्यासाठीच हे पत्र.

तुझा अकामा (तिथे राहण्याचा परवाना) अठरा नंबरचा, म्हणजे खासगी कंपनीचा. 1 जुलै 2025 पासून या अकाम्यावरच्या माणसाला कुवेतबाहेर पडायला मालकाची ऑनलाइन मंजुरी लागते, चार दिवसांसाठी यायचं असलं तरी. शेजारच्या कतारने बाहेर पडण्याचा हाच परवाना 2018 मध्ये बहुतेक कामगारांपुरता काढून टाकला आणि 2020 च्या जानेवारीत घरकामगारांनाही त्यातून मोकळं केलं. कुवेतने नेमकं उलट केलं. सांगतात असं, की माणसं न कळवता निघून जातात. जात असतील काही. त्यासाठी सगळ्यांच्या परतीच्या दाराची कडी कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या, हातात द्यावी, हे मला पटत नाही. पण कायदा आहे, आणि तुला त्यातच राहायचंय.

अर्ज ‘साहेल’ या तिथल्या सरकारी ॲपवरून करायचा असतो. प्रवासाची तारीख आणि कशाने जाणार ते भरायचं, की तो कंपनीकडे जातो आणि त्यांनी मंजूर केला की झालं. ऐकायला सोपं आहे. गेल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमधल्या एका पोराची आई गुरुवारी रात्री गेली. त्याने तासाभरात तिकीट काढलं, अर्ज भरायला घेतला, तर ॲपचा कोड मंदूबच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या माणसाच्या, मोबाइलवर जायला लागला. बताका, म्हणजे तिथलं ओळखपत्र, काढताना मंदूबने स्वतःचाच नंबर दिलेला! शुक्रवार-शनिवार सुट्टी, मंदूबचा फोन बंद. अर्ज कितीही वाजता करता येतो रे, मंजुरी देणारा माणूस जागा असावा लागतो. पोरगा रविवारी दुपारी निघाला, तोवर गावात सगळं उरकलं होतं.

म्हणून बताका हातात आल्याच्या दिवशीच मोबाइल आयडी (फोनवरचं ओळखपत्र) आणि साहेल स्वतःच्या सिमवर चालू करून घे. मंदूब म्हणेल, ‘मी करतो, टेन्शन नको.’ हसून ‘मीच करतो’ म्हण. कंपनीत मंजुरी नक्की कोण देतो, तो सुट्टीवर असला तर कोण, हेही पहिल्या महिन्यातच विचारून ठेव. साधं काम आहे, पण फार थोडे जण करतात.

मालकाने विनाकारण अडवलं तर मनुष्यबळ प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. जुनी माणसं त्याला अजून ‘शुऊन’च म्हणतात. तिथे तोंडी रडगाणं चालत नाही, कागद लागतो. रजेचा अर्ज व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी कर, उत्तर जपून ठेव. पगार बँकेतूनच घे. पासपोर्ट कंपनीने ठेवून घ्यायला मनाई आहे. तरी कुणी ‘सेफ्टीसाठी’ मागतं, तेव्हा निदान लेखी पोच घे. आणि अरबीत लिहिलेल्या कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नकोस. कराराचं भाषांतर सोबत असलं तरी वाद झाला की अरबी मजकूरच ग्राह्य धरतात.

मालकाची मंजुरी मिळाली म्हणजे सुटलो, असंही नाही. ट्रॅफिकचा दंड, विजेचं बिल असली सरकारी देणी निघण्याआधी फेडावी लागतात, 2023 पासून हे आहे. कर्ज थकलं आणि प्रवासबंदी लागली तर ती वेगळीच गोष्ट, त्यात कफीलसुद्धा काही करू शकत नाही. मित्राच्या कर्जाला जामीन राहू नकोस, मग तो गाववाला का असेना.

कायमचं सोडायचं झालं तर नोटीस तीन महिन्यांची. हिशेबाचे, म्हणजे नोकरी संपताना मिळणारे, पैसे पहिली पाच वर्षं वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे, पुढे महिन्याच्या. पण स्वतःहून राजीनामा दिलास तर तीन वर्षांच्या आत काहीच नाही, तीन ते पाचमध्ये निम्मे. रागाच्या भरात राजीनामा लिहिण्याआधी ही आकडेमोड करून बघ.

आता आपल्याकडचं. तू दहावी पास, म्हणजे पासपोर्ट ईसीएनआर. एमिग्रेशनची, म्हणजे परदेशी नोकरीला जायची आपल्या सरकारची, मंजुरी तुला लागत नाही, म्हणून पोरं खूश असतात. पण त्यामुळेच तुझा करार आपल्या सरकारी यंत्रणेच्या नजरेखालून जातोच असं नाही. एजंटचं नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेलं आहे का ते स्वतः बघ. तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेण्याचा त्याला हक्क नाही. रत्नागिरीत-चिपळुणात कोण किती मागतो ते मला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहितो: पावती घे. अडचण आली तर दूतावासाचा कामगार विभाग आहे, तक्रारीसाठी आपल्या सरकारचं ‘मदद’ पोर्टल आहे.

करारावर सही झालेली नसेल तर थांब. सगळ्या पानांचे फोटो पाठव, अरबी बाजूसकट. हुद्दा आणि पगार दोन्हीकडे सारखाच लिहिलाय का, ते इथे एकाकडून वाचून घेतो आणि रविवारपर्यंत कळवतो.

तुझा,
काका