इंदूरहून मराठी अंक काढताय?

मासिक काढायचं म्हणतोस, काढ. पण लगेच छपाईचा कागद भरून ठेवू नकोस. याच इंदूरातून १९९९ मध्ये वेबदुनिया हे हिंदी संकेतस्थळ सुरू झालं, म्हणजे वाचक पडद्याकडे सरकला त्याला जमाना झाला. बातम्या छापूच नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर त्या आधीच शिळ्या होतात. दिवाळी अंक मात्र लोक जपतात, शेजारी वाचायला नेतात (परत आणत नाहीत, ते असो). म्हणून दिवाळीला एकच जाडजूड अंक, बाकी मजकूर मोबाइलवर. आधी वर्गणी, मग छपाई. टाइप मोठा ठेव. रामबागेच्या मराठी वस्तीतले आजोबा भिंग घेऊन बसणार नाहीत. नोंदणी टाळू नकोस, नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन २०२३ चा आलाय आणि अर्ज ऑनलाइन होतो. खपाचा आकडा फुगवलास तर सराफा बाजारातला जाहिरातदार पुढच्या वर्षी दारात उभा करणार नाही.