समुद्राकाठच्या दमट शहरात राहायला जाताय? आधी एवढं बघा

सौम्य हिवाळा, समुद्र, वर्षभर हिरवळ हे सगळं खरं आहे, त्यामुळे ओढ वाटणं साहजिकच. पण बहुतेक जण शहर बघायला हिवाळ्यात जातात आणि तिथेच फसतात. तुम्ही ऐन उन्हाळ्यात जा, दोन आठवडे भाड्याने राहा. नुसतं तापमान बघू नका, दवबिंदू बघा (हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली की दव पडायला लागतं ते तापमान; तो जितका जास्त, तितकं हवेत बाष्प जास्त). तो २४ अंश सेल्सिअसच्या वर गेला की घाम वाळता वाळत नाही, रात्रीही सुटका नसते. काहींना याची सवय होते, काहींना कधीच होत नाही. तुम्ही कुठल्या गटातले, ते तिथे राहूनच कळेल.

घराच्या बाबतीत मात्र घाई नको:

- पहिलं वर्ष भाड्यानेच काढा.
- जागा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते तपासा. चक्रीवादळात वाऱ्याइतकीच, कित्येकदा त्याहून जास्त, भीती पाण्याची असते.
- विम्याचा हप्ता आधी विचारा. काही ठिकाणी घराच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो.

खाऱ्या वाऱ्याने ग्रिल, गाडी, एसीचं बाहेरचं युनिट गंजतं. किनाऱ्यापासून थोडं आत राहिलात तरी बराच फरक पडतो (समुद्र दिसणाऱ्या खिडकीचा मोह आवरा!). घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवली नाही तर कपाटात बुरशी येते, म्हणजे एसी चालणार आणि बिलही येणार. आधीच्या भाडेकरूचं उन्हाळ्यातलं वीजबिल मागून घ्या.

वादळी शटर (वादळात खिडक्या झाकणारी), गंजरोधक लेप वगैरेची चौकशी शहर पक्कं झाल्यावर करा.