स्पॅनिशमधला 'कोन्दिसिओनाल' मराठी माणसाने कसा समजून घ्यावा?

तुमची अडचण अशी आहे की कोन्दिसिओनालची, म्हणजे 'खाल्लं असतं' अशा अर्थाच्या काळाची, रूपं पाठ झाली आहेत, पण वाक्यात 'सि' म्हणजे 'जर' आला की 'तेन्द्रीआ' म्हणायचं की 'तुबिएरा' (दोन्ही 'तेनेर', म्हणजे जवळ असणे, याचीच रूपं) हे ठरत नाही. आणि इंग्रजीतलं 'वुड' जिथे येतं तिथे हा काळ टाकून पाहिला, तरी निम्मी वाक्यं चुकतात. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. माझं म्हणणं एवढंच की 'वुड' बाजूला ठेवा आणि मराठीकडून जा. फक्त एका ठिकाणी मराठीही दगा देते, ते पुढे सांगते.

आधी रूपांचं उरकून घेऊ. क्रियापदाचं मूळ रूप जसंच्या तसं ठेवायचं, 'आर, एर, ईर' काही काढायचं नाही, आणि त्याला 'ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन' जोडायचं. आब्लार (बोलणे) वरून आब्लारीआ, कोमेर (खाणे) वरून कोमेरीआ, बिबीर (राहणे) वरून बिबिरीआ. तिन्ही गटांना प्रत्यय एकच. लिहिताना 'ई'च्या अक्षरावरची तिरकी रेघ सहाही रूपांत हवीच. ती गाळली तर 'रीआ'चं 'र्या' होतं. 'मी' आणि 'तो/ती' यांचं रूप सारखंच असल्यामुळे घोटाळा होण्यासारखा असेल तिथे 'यो' किंवा 'एया' म्हणून टाकावं.

अनियमित क्रियापदं बाराच आहेत, आणि भविष्यकाळात बिघडतात तीच इथे बिघडतात. तेनेर-तेन्द्रीआ, बेनीर-बेन्द्रीआ, पोनेर-पोन्द्रीआ, सालीर-साल्द्रीआ, बालेर-बाल्द्रीआ, पोदेर-पोद्रीआ, साबेर-साब्रीआ, आबेर-आब्रीआ, काबेर-काब्रीआ, केरेर-केर्रीआ, आसेर-आरीआ, देसीर-दिरीआ. यातला 'द' कुठून आला असं विद्यार्थी हमखास विचारतात. 'तेनेर'मधला स्वर गळाला की 'न' आणि 'र' एकमेकांना भिडतात आणि उच्चार करताना मध्ये 'द' शिरतो. आपण 'वानर'चं 'वांदर' केलं ते असंच. हे एकदा लक्षात आलं की ती रूपं घोकावी लागत नाहीत.

कानाने ओळखायचं तर शेवटच्या 'ईआ'च्या आधी 'र' आहे का ते ऐका. 'कोमीआ' म्हणजे खायचा, 'कोमेरीआ' म्हणजे खाल्लं असतं किंवा खाईल. जिथे मूळ धातूतच 'र' आहे तिथे मात्र जपायला हवं. 'केरीआ' हा साधा अपूर्ण भूतकाळ आहे आणि 'केर्रीआ' हा आपला कोन्दिसिओनाल. फरक फक्त 'र' जोरात घोळवण्याचा.

आता मुख्य मुद्दा. हा काळ म्हणजे भूतकाळात उभं राहून पाहिलेला भविष्यकाळ. त्याची घडणच तशी आहे. भविष्यकाळाची रूपं मूळ क्रियापदाला 'आबेर' या सहाय्यक क्रियापदाचा वर्तमानकाळ चिकटून झाली, आणि कोन्दिसिओनालची रूपं त्याच 'आबेर'चा भूतकाळ, म्हणजे 'आबीआ', चिकटून. जुन्या स्पॅनिशमध्ये हा सांधा उघडा दिसतो. सुमारे १२०० सालच्या, 'सिद' या योद्ध्यावरच्या काव्यात बुर्गोस शहरातल्या लोकांना त्याला घरी बोलवावंसं वाटतं, पण राजाच्या धाकाने कुणाची छाती होत नाही. तिथे शब्द आहेत 'कोन्बिदार ले इएन', म्हणजे 'आमंत्रण देणं', 'त्याला', आणि मग प्रत्यय. क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध सर्वनाम बसलंय! म्हणून आन्द्रेस बेयो या व्याकरणकाराने १८४७च्या आपल्या व्याकरणात या काळाला 'पोस्प्रेतेरितो', म्हणजे भूतकाळानंतरचा काळ, असं नाव दिलं. मेक्सिकोतली पुस्तकं वापरत असाल तर हेच नाव भेटेल. मला ते 'कोन्दिसिओनाल'पेक्षा जास्त खरं वाटतं.

या नजरेने पाहिलं की दोन उपयोग आपोआप सुटतात. एक, कुणाचं बोलणं सांगणं. आपण म्हणतो, 'तो म्हणाला, सोमवारी येईन.' मराठीत 'येईन' जसंच्या तसं राहतं. स्पॅनिशमध्ये तो 'म्हणाला' तेव्हापासून पुढे पाहायचं, म्हणून 'दीखो के बेन्द्रीआ एल लुनेस'. दोन, अंदाज. आत्ता दहा वाजले असतील हे भविष्यकाळात, 'सेरान लास दिएस'. तो आला तेव्हा दहा वाजले असतील हे कोन्दिसिओनालमध्ये, 'सेरीआन लास दिएस क्वान्दो येगो'. आपलं 'असतील' दोन्हीकडे चालतं, त्यांना काळ बदलावा लागतो.

आता 'सि'. मराठी दगा देते ती इथेच. शाळेत संकेतार्थाचं वाक्य होतं ना, पाऊस पडला असता तर पीक आलं असतं? यात 'असता' आणि 'असतं' दोन्ही बाजूंना एकाच साच्याचे आहेत. म्हणून आपली जीभ स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे 'ईआ' लावते आणि 'सि तेन्द्रीआ दिनेरो, कोम्प्रारीआ उना कासा' (पैसे असते तर घर घेतलं असतं) असं वाक्य तयार होतं. प्रमाण स्पॅनिशमध्ये हे चूक आहे. स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशात आणि त्याच बुर्गोसच्या आसपास, लोक बोलताना असं म्हणतात, पण परीक्षेत गुण जातील. 'जर'च्या बाजूला 'तुबिएरा' आणि 'तर'च्या बाजूला 'कोम्प्रारीआ', अशी वाटणी आहे. 'तुबिएरा' बनवायला 'तुबिएरोन' (त्यांच्याकडे होतं) घ्या, शेवटचं 'रोन' काढा, 'रा' लावा. बहुतेक पुस्तकांत हे रूप कोन्दिसिओनालच्या बरंच नंतर येतं. म्हणून विद्यार्थ्याच्या हातात बराच काळ जोडीतला एकच जोडीदार असतो. तुम्ही तेवढी वाट पाहू नका, दोन्ही एकत्र शिका.

दुसरी अडचण आणखी बारीक आहे. 'पैसे असते तर घर घेतलं असतं' हे आपण आजच्या परिस्थितीबद्दलही म्हणतो आणि दहा वर्षांपूर्वीच्याही. स्पॅनिशमध्ये ठरवावंच लागतं. आज नाहीत म्हणून घेत नाही: 'सि तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीआ उना कासा'. तेव्हा नव्हते म्हणून राहून गेलं: 'सि उबिएरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोम्प्रादो उना कासा'. वाक्य लिहिण्याआधी मनात 'आज' किंवा 'तेव्हा' घालून पाहा, लगेच कळतं. या दुसऱ्या साच्यात 'आब्रीआ'च्या जागी 'उबिएरा' म्हटलेलंही चालतं. म्हणजे 'रा' दोन्ही बाजूंना येऊ शकतो, पण 'ईआ' 'जर'च्या बाजूला नाही. आणि 'पाऊस पडला तर जाणार नाही' अशी साधी शक्यता असेल तर यातलं काहीच नको, सरळ वर्तमानकाळ: 'सि युएबे, नो बोय'.

'सि'नंतर 'ईआ' दिसला म्हणजे चूकच, असंही नाही. 'नो साबीआ सि बेन्द्रीआ' हे अगदी बरोबर आहे, कारण इथे 'सि'चा अर्थ 'येईल की नाही' असा आहे. 'जर' बसत असेल तर 'ईआ' नको, 'की नाही' बसत असेल तर चालेल.

'वुड'ने तुमची वाक्यं का चुकत होती तेही सांगते. इंग्रजीत लहानपणीच्या सवयीलाही 'वुड' येतं. स्पॅनिशमध्ये तिथे अपूर्ण भूतकाळ लागतो. 'आम्ही दर उन्हाळ्यात आजीकडे जायचो' याला 'इबामोस', 'इरीआमोस' कधीच नाही. मराठीत जिथे 'जायचो, खायचो' येतं तिथे कोन्दिसिओनालला हात लावू नका.

बाकीचे उपयोग सोपे आहेत. सल्ला देताना 'यो के तू, आब्लारीआ कोन एया', म्हणजे तुझ्या जागी मी असते तर तिच्याशी बोलले असते. हॉटेलात बिल मागताना 'पोद्रीआ त्राएर्मे ला क्वेन्ता?' इच्छा सांगताना 'मे गुस्तारीआ'. 'मला हवं होतं' असं अदबीने म्हणायला 'केर्रीआ' बरोबर असलं तरी कानावर जास्त 'किसिएरा' पडतं, आणि दुकानात तुम्हीही तेच म्हणा.