बाजार पडला तर खड्डा कोण भरणार?

लातूर

पोरी,

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून झेडपीच्या शाळेवर लागलीस, एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, प्रान (खाते) नंबर आला, आणि मधल्या सुट्टीत दोन गट तुला दोन बाजूंनी ओढायला लागले. एक म्हणतो, सरकारनं आपला पैसा सट्ट्यात घातला. दुसरा म्हणतो, जमेल तेवढा शेअरमध्ये टाक, रिटायर होईपर्यंत कोटी होतील. माझी सगळी नोकरी पंचायत समितीच्या लेखा शाखेत, पगारबिलं आणि पेन्शनच्या फायली उपसण्यात गेली. मला दोघांचंही पटत नाही.

एनपीएसमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या डीफॉल्ट, म्हणजे आपण काही निवडलं नाही तर लागणाऱ्या, योजनेत शेअरचा वाटा वर्षानुवर्षं १५ टक्क्यांच्या आतच होता. बाकीचे सरकारी आणि कंपन्यांचे रोखे, म्हणजे व्याजावर दिलेलं कर्ज. खासगी नोकरदारांचा पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओनं २०१५ मध्ये नव्या जमेच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात केली, पुढं १५ वर नेली, तीही ईटीएफमधून, म्हणजे एकेक शेअर न निवडता अख्ख्या निर्देशांकाची टोपली घेऊन. याला सट्टा म्हणणं जरा जास्तच झालं. बरं, शेअर नाहीत म्हणजे पैसा सुरक्षित, असंही नाही. आयएल अँड एफएस या वित्त कंपनीच्या रोख्यांना एएए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं मानांकन होतं. २०१८ मध्ये ती बसली आणि पीएफ ट्रस्टांचे पैसे अडकले. उत्तर प्रदेशात वीज कर्मचाऱ्यांच्या पीएफचे दोन हजार कोटींहून जास्त डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत गुंतून पडले. त्यात शेअरचा संबंधही नव्हता.

मला विचारशील तर भांडण वेगळंच आहे. बाजार पडला तर खड्डा कोण भरणार? जुन्या पेन्शनमध्ये सरकार भरायचं. ईपीएफमध्ये व्याज जाहीर होतं, २०२४-२५ ला ८.२५ टक्के, त्यामुळं बाजाराचा हिसका थेट पासबुकात दिसत नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या नोकरीत लागलेल्यांवर मात्र ही जोखीम एकेकट्यावर आली. तुझे १० टक्के, सरकारचे १४, त्याचे युनिट तुझ्या नावावर. आणि एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, घसरली तर ती घसरणही तुझ्याच नावावर. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लोक रस्त्यावर आले ते उगाच नाही.

आता कोटीवाल्यांचं. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली आला. पुन्हा २१ हजार दिसायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. २०२० मध्ये जानेवारीला ४२ हजारांच्या आसपास, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. ते मात्र त्याच वर्षी भरून निघालं. तुझ्या वयाला दोन्ही पडझडी सोसतील. उलट स्वस्तात युनिट मिळतात. पण अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर 'अजून दोन वर्षं थांबतो' म्हणायची सोय नसते. तुझ्या अण्णांना विचार: कर्जाचा हप्ता तोंडावर असताना सोयाबीन आडतीवर न्यायचं, तर त्या दिवशी जो भाव असेल तोच घ्यावा लागतो. आणि 'लांब पल्ल्यात बाजार वरच जातो' हे वाक्य ऐकलंस की जपान आठव. तिथला शेअर निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ज्या उंचीवर होता, ती उंची त्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडली. एक अख्खी नोकरी त्यात बसते.

हिशेब करून बघ. समज, निवृत्तीला ४० लाख जमलेत आणि शेअर निम्म्यावर आले. वाटा १५ टक्के असेल तर ३ लाख गेले; ७५ टक्के असेल तर १५ लाख. म्हणून तरुणपणी थोडा जास्त आणि वय वाढेल तसा आपोआप उतरता वाटा, हे लाइफ सायकल योजनांचं धोरण मला बरं वाटतं. त्यातल्या एलसी ५० मध्ये शेअरचा वाटा पस्तिशीपर्यंत निम्मा आणि पंचावन्नला १० टक्के. हा पर्याय तुझ्या खात्याला लागू आहे का, ते आधी आस्थापनेत विचार.

पण पडझड झालीच नाही तरी काय? ४० लाखांतले किमान ४० टक्के, म्हणजे १६ लाख, ॲन्युइटीत जातात, म्हणजे ते एकरकमी देऊन दरमहा पेन्शन घ्यायची. ६ टक्के दर धरला तर महिन्याला ८ हजार, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. लोकं शेअरवर तावातावानं बोलतात, या आठ हजारांवर कुणी बोलत नाही. केंद्राची युनिफाइड पेन्शन १ एप्रिल २०२५ पासून आली, त्यात पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे. राज्य मंत्रिमंडळानंही ऑगस्ट २०२४ मध्ये तिकडंच कौल दिला. तुझ्यापर्यंत विकल्पाचा फॉर्म आला, तर जमलेल्या रकमेतलं नेमकं काय सोडावं लागतं ते वाचल्याशिवाय सही करू नकोस. सोबतचे करतात म्हणून तर मुळीच नको.

अजून एक, आणि याकडं बाजारापेक्षा जास्त लक्ष दे. कपात पगारातून झाली म्हणजे ती खात्यात पोचली असं नाही. एनपीएसच्या आधीच्या डीसीपीएस या अंशदान पेन्शन योजनेच्या काळात कपातीचा हिशेब जुळवता जुळवता मास्तर लोकं जेरीस आली होती. पैसे तीन महिने उशिरा गेले, तर युनिट उशिराच्या भावानं मिळतात, आणि तो फरक कुठं लिहून येत नाही. शालार्थ या पगारप्रणालीची पगारपावती आणि प्रानचं स्टेटमेंट शेजारी ठेवून महिना-महिना जुळव, सरकारचे १४ टक्केही आलेत का बघ. एखादा महिना गायब दिसला तर मुख्याध्यापकांमार्फत लेखी अर्ज दे आणि आवक क्रमांक घे. तोंडी सांगितलेलं आमच्या शाखेत कुणाच्या लक्षात राहत नसे.

वारसाची नोंद केलीस का? दिवाळीच्या सुट्टीत इकडं आलीस की पगारपावती आणि स्टेटमेंट दोन्ही कागद घेऊन ये. मोबाईलवरचा स्क्रीनशॉट नको, प्रिंट काढून आण.

तुझे काका