दुसऱ्या बाईंच्या वर्गात जाताना

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तू सोमवारपासून दुसरीचा वर्ग घेणार आहेस आणि त्या वर्गात एक स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलगा व एक कमी ऐकू येणारी मुलगी आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. त्यांच्यासाठी वेगळे काय करू, असे तू विचारतेस. पहिल्या आठवड्यात वेगळे काही करू नकोस. बाईंनी बसवलेली घडी तेवढी मोडू नकोस.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहीत आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका वर्गावर गेले असताना मी मुलांच्या जागा उंचीप्रमाणे बदलल्या. दाराजवळच्या खांबाशी बसणारा एक मुलगा त्यामुळे मागच्या रांगेत गेला आणि दिवसभर दोन्ही कानांवर हात धरून नुसता डोलत राहिला. जेवला नाही, पाटीला शिवला नाही. मी त्याला हट्टी ठरवून मोकळी झाले. दुपारी स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "बाई, त्याला त्याचा खांब पाहिजे." जागा परत दिली, तरी पाटी हातात घ्यायला त्याने तीन दिवस लावले.

म्हणून आधी मुख्याध्यापकांकडून दोघांची फाईल मागून घे. तालुक्याच्या समावेशक शिक्षणाच्या शिक्षकांनी, म्हणजे आपल्याकडे ज्यांना बीआयईआरटी म्हणतात त्यांनी, केलेल्या नोंदी बहुधा कन्नडमध्ये असतील. तुझे कन्नड बाजारापुरते आहे, तेव्हा अंदाजाने अर्थ न लावता सहकाऱ्याकडून त्या वाचून घे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्केवारीला फार धरून बसू नकोस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या काही विशेष हक्कांसाठी आणि सवलतींसाठी आहे. लघवीला लागली हे मूल कसे सांगते, ते टक्क्यांतून कळत नाही, त्याच्या आईलाच विचारावे लागते.

मुलीच्या बाबतीत एक सवय मात्र पहिल्याच दिवशी लावून घे: आधी फळ्यावर लिही, मग वळ, मग बोल. खिडकीकडे पाठ करून उभी राहिलीस, तर तुझ्या चेहऱ्यावर अंधार येतो आणि तिला ओठ दिसत नाहीत. खानापूरचा पाऊस तुला ठाऊकच आहे. पत्र्यावर सर कोसळू लागली की श्रवणयंत्र तो आवाजही वाढवून कानात ओतते, अशा वेळी तोंडी पाठ थांबवून सगळ्याच वर्गाला नलिकलीची, म्हणजे आपल्याकडच्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीची, कार्डे दे, म्हणजे ती एकटी वेगळी पडणार नाही. तिला कळले का, असे विचारू नकोस, कारण ती मान हलवणारच. काय करायचे आहे ते तिलाच सांगायला लाव.

रोज शाळा सुटल्यावर दोघांविषयी दोन-दोन ओळी वहीत लिहून ठेव: काय करून पाहिले, कशाने बिनसले. बाई रजेवरून परततील त्या दिवशी ती वही त्यांच्या हातात दे, कार्यालयाच्या कपाटात ठेवून येऊ नकोस.

तुझ्या जुन्या बाई